न सांगण्याची अट

उसाची ट्रॉली रस्त्यात कलंडली नसती, तर ओवी वेळेवर कळसला पोचली असती आणि यशराजला ती दिसली असती ती फक्त दवाखान्यातून आलेली एक मॅडम म्हणून. पण ट्रॉली कलंडली.

डिसेंबरची सकाळ होती. उसाच्या फडांवर अजून धुकं रेंगाळत होतं. बारामतीहून येणाऱ्या रस्त्यावर, कळसच्या अलीकडच्या वळणावर, ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांपैकी एक आडवी झाली होती आणि मोळ्या रस्ताभर पसरल्या होत्या. दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. ओवीने स्कूटर बाभळीखाली उभी केली, घड्याळात पाहिलं आणि आता काही इलाज नाही हे कळल्यावर गळ्यातला स्कार्फ सैल केला.

काही जण मोळ्या उचलून कडेला टाकत होते. त्यांतल्या एकाच्या अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता, बहुधा रात्रपाळी करून घरी निघालेला. रस्ता अर्धा मोकळा झाल्यावर तो आपल्या मोटरसायकलकडे आला. ती नेमकी ओवीच्या स्कूटरला खेटून उभी होती. त्याच्या हातात एक ऊस होता. गुडघ्यावर आपटून त्याने त्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्यापुढे धरला.

"सोलायला काही नाही माझ्याकडे," ओवी म्हणाली.

"दात हायत की."

तिला हसू आलं. शाळेनंतर तिने दातांनी ऊस सोलला नव्हता. पहिलाच तुकडा दाताखाली कचकन मोडला आणि रस हनुवटीवर आला... तिने घाईघाईने स्कार्फने पुसला. त्याने दुसरीकडे पाहिल्यासारखं केलं, पण त्याचे डोळे हसत होते. मग त्याची नजर तिच्या पिशवीकडे गेली. पिशवीतून रबरी डोक्याचा एक लहानसा हातोडा बाहेर डोकावत होता.

"ह्यो हातोडा कशाला?"

"लोकांच्या गुडघ्यावर मारते मी."

"काय केलं त्यांनी?"

"काही नाही. म्हणून तर हळू मारते."

त्याने मान हलवली, ऊस चावत थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "कळसमध्ये कुणाकडं जायचंय?"

"सांगता येणार नाही. आमचा नियम आहे."

"मग घर सापडणार कसं?"

"पत्ता आहे. देवळावरून डावीकडे, निळं गेट, दारात डाळिंबाचं झाड."

त्याचं चावणं थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला. "पत्ता बरोबर हाय," एवढंच म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

ओवी निळ्या गेटापाशी पोचली तेव्हा ती मोटरसायकल डाळिंबाच्या झाडाखाली उभी होती, आणि तो हात-पाय धुऊन, केसांवरून पाणी फिरवून दारातच उभा होता. "या," तो म्हणाला. "मी यशराज. आबांचा मुलगा. नियम मोडला न्हाय तुमी, मीच हितं राहतो."

*

त्याचे आबा म्हणजे सर्जेराव. वयाची सत्तरी जवळ आलेली, पण अजून गाईंची धार स्वतः काढणारे. पावसाळा सरता सरता ते गोठ्यात घसरले होते आणि कपाळ खांबाला लागलं होतं. टेंगूळ आलं, हळद लावली, सगळे विसरून गेले. काही आठवड्यांनी मात्र ते माणसांची नावं चुकू लागले. डावा पाय ओढू लागले. एके दिवशी त्यांनी यशराजला आपल्या फार पूर्वी वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली, आणि यशराजने त्यांना तसंच उचलून बारामतीला नेलं.

स्कॅनमध्ये दिसलं, की कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या जागेत रक्त साचलं आहे. जुनं, पातळ, काळपट झालेलं. म्हाताऱ्या माणसांना साधा मार लागला तरी असं होतं, आणि ते हळूहळू साचत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. कवटीला लहानसं छिद्र पाडून ते काढता येतं. आबांचं काढलंही. पण काही जणांमध्ये ते पुन्हा साचतं. ते साचू नये म्हणून एक नवा उपाय निघाला होता: मनगटातून बारीक नळी आत सरकवायची आणि त्या जागेला रक्त पुरवणारी छोटी रक्तवाहिनीच बंद करून टाकायची. हा उपाय खरंच सगळ्यांना उपयोगी पडतो का, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. म्हणून अनेक शहरांतले दवाखाने मिळून त्याचा अभ्यास करत होते आणि बारामतीचा हा दवाखाना त्यांत होता. अभ्यासातल्या निम्म्या पेशंटांचं नेहमीचं ऑपरेशन व्हायचं, निम्म्यांचं ऑपरेशन आणि वर हा नवा उपायही. कोणाच्या वाट्याला काय येणार ते संगणक ठरवायचा. ना डॉक्टर, ना पेशंट.

ओवी होती फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशननंतर ठरलेल्या महिन्यांनी पेशंट कसा आहे हे तपासायचं काम तिचं होतं, आणि त्या कामाची एकच मोठी अट होती. पेशंटला कोणता उपचार मिळाला हे तिला कळता कामा नये. कळलं, की नजर लबाड होते. नवं काही केलंय म्हटल्यावर माणूस जरा जास्तच बरा दिसायला लागतो. म्हणून ती यायच्या आधी प्रत्येक पेशंटने दोन्ही मनगटांना पट्टी बांधून ठेवायची, आणि घरच्यांनी तोंड बंद ठेवायचं.

आबा दोन्ही मनगटांना पांढऱ्या पट्ट्या बांधून, नवा सदरा घालून खाटेवर बसले होते. यशराजची आई विजयमाला चहा घेऊन आल्या आणि बसता बसताच सुरू झाल्या, "आवं मॅडम, त्या दिशी डॉक्टर आमाला म्हनले, का ह्यांना आता—"

ओवीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "काकू, नको. ते मला सांगायचं नाही."

"मंग काय सांगू?"

"दुसरं सगळं सांगा."

विजयमालांनी असलं तपासणं आयुष्यात पाहिलं नव्हतं. यशराजची धाकटी बहीण स्वरूपा दाराआड उभी राहून हसत होती. ओवीने आबांना विचारलं, महिना कुठला? आबा म्हणाले, "आडसाली ऊस तुटाया लागला, म्हंजे डिसेंबर." शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर त्यांनी तिलाच विचारलं की सातच का. मग तिने डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून पुढे धरायला सांगितले. आबांनी धरले. हात अजिबात हलले नाहीत. यशराज ते असं बघत होता, की जणू त्या दोन हातांवर काहीतरी ठेवलेलं आहे आणि ते पडेल.

निघताना तो गेटापर्यंत आला.

"हात सरळ राहिले, म्हंजे चांगलं ना?"

"चांगलं."

"आणि एक खाली गेला असता तर?"

"तर लगेच दवाखान्यात." मग तिला वाटलं, त्याला नीट सांगायला हवं. "पण रोज हात धरायला लावू नका. नुसतं बघत राहा. कप कसा धरतात, शर्टाची बटणं कशी लावतात, चालताना चपला नीट राहतात का... शरीर बरंच काही आपणहून सांगतं."

"बघतो," यशराज म्हणाला. आणि पुढे, जरा थांबून, "बघायला मला चांगलं जमतं."

तिने हेल्मेट घाईने डोक्यावर चढवलं. कान गरम झाले होते, ते झाकायला.

*

पंधरा दिवसांतून एकदा फोन करून विचारपूस करायची, हेही तिच्या कामातच होतं. यशराज बारामती एमआयडीसीत एका दूध प्रक्रियेच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. येणाऱ्या दुधाच्या तपासण्या करायचा. पहिला फोन अगदी कामापुरता झाला. दुसऱ्या फोनला त्याने आबांनी नातेवाइकांच्या लग्नात किती गुलाबजाम खाल्ले ते सांगितलं. तिसरा फोन तिने केलाच नाही. त्यानेच केला.

"पंधरा दिवस झाले नाहीत अजून," ती म्हणाली.

"मला वाटलं झाले."

मग कधीतरी पाळी संपल्यावर तो दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाडीवर दिसू लागला. एमआयडीसीतून कळसला जायचा रस्ता दवाखान्यावरून जात नाही, हे ओवीला माहीत होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. एकदा त्याने घरच्या पेरूंची पिशवी आणली. पेशंटच्या घरून काही घेता येत नाही, असं तिने सांगितल्यावर तो बाकावर बसला, एक पेरू फोडला, त्याला मीठ लावलं आणि म्हणाला, "मी माझे खातोय. वास येतोय, त्याला माझा इलाज न्हाय." तिने शेवटी अर्धा घेतला. अर्ध्याला कोणताही नियम लागू होत नाही, असं त्या दिवशी दोघांचं ठरलं.

तो बोलायचा खूप. दुधाबद्दल, गाईंबद्दल, लहानपणी आबांनी सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून त्याला इंदापूरला नेल्याबद्दल. पण बोलता बोलता कधी कधी अचानक थांबायचा. आबांच्या ऑपरेशनच्या दिवसापाशी आला, की त्याचं वाक्य मध्येच तुटायचं आणि तो कपातल्या चहाकडे बघत बसायचा. ओवीला कळायचं, की तिथे काहीतरी आहे जे त्याला सांगायचं आहे. आणि जगात सगळ्यांना सांगता येईल, फक्त तिला नाही.

"राहू द्या," ती म्हणायची.

"राहू देतो," तो म्हणायचा.

घरी तिच्या आईने, बँकेत नोकरी करणाऱ्या मालतीबाईंनी, एकदा विचारलं की हल्ली चहा पिऊन का येतेस. ओवी म्हणाली, दवाखान्यातला चहा चांगला असतो. मालतीबाईंनी पुढे विचारलं नाही, पण भाजी निवडता निवडता तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

*

फेब्रुवारीत स्वरूपाचा साखरपुडा ठरला. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी ओवी नुकतीच दवाखान्यात पोचली होती तेवढ्यात फोन वाजला.

"आबांची डावी चप्पल पायातनं निसटती," यशराज म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यानेच ती घाबरली. "काल एकदा निसटली. आज दोनदा. चप्पल मागं राहिली हे त्यांच्या ध्यानातच येत न्हाय. तसेच पुढं चालत राहतात."

"बोलणं?"

"बोलतात नीट. पण सकाळपास्नं कपाळ दाबत बसलेत."

"आत्ताच घेऊन या."

पलीकडे गलका ऐकू येत होता. मांडवात खुर्च्या लावल्या जात होत्या. आबा मागून म्हणत होते की पाव्हणे येतील, टिळा होईल, मग संध्याकाळी बघू. यशराजने फोन तसाच चालू ठेवून त्यांना काय सांगितलं ते ओवीला नीट ऐकू आलं नाही. फक्त शेवटचं वाक्य आलं. "आबा, मागच्या वेळंला मी तुमचं ऐकत बसलो हुतो. आता न्हाय ऐकणार."

त्याने आबांना फेट्यासकट गाडीत बसवलं.

रक्त पुन्हा साचलं होतं. दुपारी दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टर अनय, ज्यांच्या देखरेखीखाली हा सगळा अभ्यास चालला होता, त्यांनीच ते केलं. ओवी त्याच इमारतीत होती, एक मजला खाली. आणि तिला वर जाता येत नव्हतं. वॉर्डात गेली असती तर काय केलं, मनगटाला काय आहे, सगळं दिसलं असतं. तिच्याबरोबर काम करणारी प्रतिक्षा वर जाऊन आली. म्हणाली, तो बाकावर एकटाच बसलाय, पाणीसुद्धा प्यायलेला नाही. ओवीने तिच्या हाती चहा आणि बिस्किटं पाठवली.

थोड्या वेळाने तिला राहवेना. ती जिना चढून काचेच्या दारापर्यंत गेली. दाराच्या अलीकडे ती, पलीकडे लांबच्या लांब बोळाच्या टोकाला तो. साखरपुड्याचा पांढरा शर्ट, बाही कोपरापर्यंत सरकवलेली, हातात वडलांचा फेटा गुंडाळून धरलेला. त्याने मान वर केली. तिने काचेवर हात टेकला. तो उठला, दोन पावलं पुढे आला... आणि थांबला. त्याला अट आठवली होती. त्याने तिथूनच मान हलवली, जणू म्हणत होता — जा तू, नको येऊ. आणि पुन्हा खाली बसला.

आबा वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेज खाल्ली, आणि स्वरूपाच्या सासरचे लोकही समजूतदार निघाले. पुढची तारीख धरू, म्हणाले. पण त्याच सकाळी पाण्याच्या नळापाशी ओवीला विजयमाला भेटल्या. डोळे सुजलेले, पदर खांद्याभोवती घट्ट ओढलेला.

"तुमी लोकांनी आमच्या मानसावर करून बघितलं," त्या म्हणाल्या. "झालं का समदं बघून?"

सर्जेरावांना जुना उपचार मिळाला होता की नवा, हेच तिला माहीत नव्हतं. ती कशाचं समर्थन करणार होती? मागे यशराज उभा होता. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, ओवीकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि आईला घेऊन निघून गेला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. चहाच्या गाडीवर तो दिसला नाही. कामाचा म्हणून तिने फोन केला तेव्हा स्वरूपाने उचलला. आबा बरे आहेत, चालतात, जेवतात, म्हणाली. आणि दादा कामावर गेलाय, असं न विचारताच सांगितलं.

*

मार्चमध्ये आबांची पुढची तपासणी होती. ती तारीख जवळ आली तशी ओवीला झोप लागेना. डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: आबा हात पुढे धरून बसलेत, आणि ती मनातल्या मनात त्या हातांना विनवते आहे की हलू नका. अशा माणसाने तपासायचं नसतं, हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

ती अनय सरांच्या खोलीत गेली. सर एका मणक्याच्या स्कॅनकडे बघत होते. बस, म्हणाले. ती बसली नाही.

"सर, सर्जेरावांची पुढची तपासणी मी करू शकत नाही."

"कळलंय का तुला, त्यांना कोणता उपचार मिळाला ते?"

"नाही. ते माहीत नाही. पण ते बरे व्हावेत असं मला फार वाटतं."

"ते सगळ्यांनाच वाटतं."

ओवीने खिडकीबाहेर पाहिलं, मग सरांच्या टेबलाकडे, मग पुन्हा खिडकीबाहेर. "मला त्यांच्या मुलासाठी वाटतं, सर."

सरांनी चष्मा काढला. तिला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, बरं केलंस सांगितलंस, सर्जेरावांचं पुढचं सगळं प्रतिक्षा बघेल. मग दाराशी पोचलेल्या ओवीला त्यांनी विचारलं, "त्या मुलाला सांगितलंयस हे?"

"नाही. आधी तुम्हाला सांगणं गरजेचं होतं."

"अवघड आहे त्या मुलाचं," सर म्हणाले आणि स्कॅनकडे वळले. पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

*

त्याच दिवशी दुपारी ती एमआयडीसीत गेली. पाळी सुटली होती. गेटातून मोटरसायकलींचा लोंढा बाहेर येत होता, आणि ती समोरच्या कडुनिंबाखाली उभी राहून एकेक चेहरा पाहत होती. यशराजने तिला पाहिलं आणि गाडी थेट तिच्यापाशी आणून थांबवली. तो वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आबांचं काही...?"

"आबांचं काही नाही. तुमच्याकडे आले मी. बोलायचंय."

दोघं कालव्याच्या कडेला गेली. पाणी सोडलेलं होतं, भरून वाहत होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी गोधडी धुऊन पसरली होती. ओवी दगडावर बसली. तो उभाच राहिला.

"आबांना तपासायला यापुढे मी येणार नाही," ती म्हणाली. "प्रतिक्षा येईल. सरांना सांगून आलेय. त्यामुळे मला काय सांगायचं नाही, असं आता काही उरलेलं नाही. तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग खाली बसला, जमिनीवरच, आणि बोलू लागला. आधी शब्द अडकत होते. नंतर थांबेनात.

त्या दिवशी आबा शुद्धीवर असून नसल्यासारखे होते. डॉक्टरांनी अभ्यासाचं सगळं समजावून सांगितलं, भाग घ्यायचा नसला तर नेहमीचे उपचार होतीलच असंही सांगितलं, आणि आबांच्या वतीने यशराजने होकार दिला. सही त्याची. नवा उपाय वाट्याला यावा म्हणून त्याने मनात देवाला हात जोडले. वाट्याला आलं नुसतं ऑपरेशन. शेजारच्या खाटेवर झुंबर नावाचे भिगवणकडचे एक गृहस्थ होते, त्यांना दोन्ही मिळालं. ते आता शेतात जातात, फोन करून आबांची चौकशी करतात. आणि आबांचं डोकं दुसऱ्यांदा उघडावं लागलं. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी सरांनी ती रक्तवाहिनीही बंद केली. मग आधीच का नाही, असं आई रोज विचारते.

"मी बापाला पणाला लावलं," यशराज म्हणाला. "हे रोज कुणाला तरी सांगावं वाटत हुतं. आणि ज्या माणसाला सांगावं वाटायचं, त्याच माणसाला सांगायची बंदी. म्हणून मग मी यायचंच बंद केलं. तोंडातनं निघून गेलं असतं."

ओवीला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तिने तो ठेवला.

"नव्या उपायाने रक्त परत आलंच नसतं, असं सरही सांगू शकत नाहीत," ती म्हणाली. "तो मिळूनही काहींना परत होतं, आणि नुसत्या ऑपरेशननेही बहुतेक लोक बरे होतात. माहीत असतं, तर कोणी संगणकाला विचारलं नसतं. सरळ सगळ्यांना दिलं असतं. तुम्ही पणाला लावलं नाही. जे कोणालाच माहीत नव्हतं, ते शोधायला मदत केलीत. माझे वडील असते, तर मीही हेच केलं असतं."

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"आणि ते वाचले ते तुमच्यामुळे. दोन दिवस चप्पल निसटते हे किती मुलांच्या लक्षात येतं?"

"ते तुमी शिकवलं हुतं."

"शिकवते मी सगळ्यांना. बघत कोणी नाही."

पाण्यावरून वारा आला. यशराजने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न न करता. मग थोड्या वेळाने, जरा हलक्या आवाजात त्याने विचारलं, "पण तुमी का येणार न्हाय? तुमाला तर कायच माहीत नव्हतं. अट तर मोडली नव्हती."

"दुसरी एक मोडली."

"कुठली?"

"तपासणाऱ्याने पेशंटच्या घरच्यांमध्ये... गुंतायचं नसतं."

तो वळून तिच्याकडे बघू लागला. ती पाण्याकडे बघत होती. कान पुन्हा गरम झाले होते आणि हेल्मेट स्कूटरवर राहिलं होतं.

"घरच्यांमध्ये म्हंजे, आईमध्ये?"

"यशराज."

"स्वरूपामध्ये?"

"मला तुम्ही आवडता," ओवी म्हणाली. "हे सरांना सांगून आलेय. म्हणून आता तुम्हाला सांगते."

तो जमिनीवरून उठला आणि तिच्या शेजारी दगडावर येऊन बसला.

"सरांना आधी?" त्याने विचारलं.

"सरांना आधी."

तो हसला. गेल्या कित्येक आठवड्यांत तो हसला नसावा, कारण ते हसू सुरुवातीला नीट जमलंच नाही, मग जमलं. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याच्या बोटांना दुधाचा आणि साबणाचा मिळून एक वास होता. "मला तर त्या बाभळीखालीच कळलं हुतं," तो म्हणाला. "पण मी दूधवाला माणूस, मला वाटलं घाई करू नये. नासतं." आणि मग, ती काही म्हणायच्या आत, "घरी सांगितलं पाहिजे. आत्ताच. तुमी सांगून आला, मग मी का मागं राहू?"

"आत्ता?"

त्याने फोन लावलाही होता. तो उठून थोडा लांब गेला, पाठ करून बोलू लागला. ओवीला फक्त तुटक शब्द ऐकू येत होते. व्हय... न्हाय, त्यांनीच सांगितलं... व्हय, आई, तसंच... मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. परत आला तेव्हा त्याने फोन तिच्यापुढे धरला. "तुमच्याशी बोलायचं म्हणती."

ओवी उभी राहिली. का, ते तिलाही कळलं नाही. "बोला, काकू."

पलीकडे शेळी ओरडली, कुणीतरी तिला हाकललं. मग विजयमालांचा आवाज आला.

"त्या दिशी दवाखान्यात मी वंगाळ बोलले तुमाला."

"मला समजलं होतं, काकू."

"तुमाला समजलं आसंल. पर मी बोलले ते बोलले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता." त्या थांबल्या. "ह्यो सांगतोय ते खरं हाय?"

"खरं आहे."

"तुमच्या घरी ठावं हाय?"

"नाही. आज सांगणार आहे."

ओवीने डोळे मिटून घेतले. यशराज समोर उभा राहून तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होता.

"मंग असं कर," विजयमाला म्हणाल्या, आणि ओवीच्या लक्षात आलं की त्या आता तिला तुमी म्हणत नाहीत. "आदी आईला सांग. बापाला तुझी आई सांगंल. आणि मंग ये हिकडं. तपासाया नगं. नुसती ये."

"येते, काकू."

ओवीने फोन त्याला परत दिला आणि त्याची आई काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं. त्याने ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग दोघं गाड्यांपाशी आली.

बारामतीच्या चौकापर्यंत त्याची मोटरसायकल तिच्या स्कूटरच्या मागून, थोडं अंतर ठेवून येत राहिली. चौकात तो कळसच्या रस्त्याला वळला. आरशात दिसेनासा होईपर्यंत तिने त्याला पाहिलं. मग समोर पाहिलं, कारण बाजाराची गर्दी होती, मालतीबाई आता बँकेतून घरी आल्या असतील, आणि आज तिला नीट घरी पोचायचं होतं.